पाण्याखालचा कान कुठे बसवावा?

गोंदियाहून बालाघाटकडे निघालं की राजेगावला बाघ नदीचा पूल लागतो. नदीच्या एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र इथे आहे. बाघ नदीची पातळी आणि प्रवाह राजेगावला मोजला जातो. सिरपूर, पुजारीटोला, कालीसरार ही धरणं ज्या खोऱ्यात आहेत, त्या खोऱ्याचं पाणी घेऊन बाघ वैनगंगेला मिळते. वैनगंगा गोसीखुर्दच्या जलाशयातून पुढे जाऊन वर्धेला भेटते, त्यांची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले. तो पूर ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे, की वरच्या अंगाला नीट मोजलेला एक आकडा म्हणजे खालच्या गावाला सामान हलवायला मिळालेले काही तास असतात.

प्रवाहाचा हा आकडा दोन गोष्टींतून येतो: पात्रात पाणी किती खोल आहे आणि ते किती वेगाने वाहतं आहे. खोली पूर्वी बांबूने किंवा वजन बांधलेल्या दोरीने मोजत. आता नदीत, धरणात, मोठ्या तलावात बोटीला सोनार, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली काढणारं यंत्र, लावून मोजतात. सोनारचा जो भाग पाण्यात असतो, तो ट्रान्सड्यूसर. यंत्र घेताना पडदा केवढा, किंमत किती, याची चर्चा पुष्कळ होते. ट्रान्सड्यूसर मात्र शेवटी, जिथे दोन स्क्रू सहज बसतील तिथे ठोकला जातो. माझा आग्रह याच्या उलट आहे. आधी जागा ठरवा, मग बाकीचं. महागडं यंत्र चुकीच्या जागी बसवलं तर ते चुकीचाच आकडा ठळक अक्षरांत दाखवतं.

जलसंपदा खात्यात मोजणी करणारे, तलावाचा गाळ मोजू पाहणाऱ्या मत्स्य सहकारी संस्था, पूरबचावाच्या बोटी सांभाळणारी मंडळी आणि कोकणात छोटी होडी घेऊन समुद्रात जाणारे, अशा सगळ्यांना उपयोगी पडावं म्हणून हे लिहीत आहे.

चूक किती महाग पडते

पात्र 100 मीटर रुंद आणि सरासरी 3 मीटर खोल आहे असं धरा. छेदाचं क्षेत्रफळ 300 चौरस मीटर. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली 15 सेंटिमीटर आहे आणि तेवढी भर घालायला कुणी विसरलं, तर क्षेत्रफळातले 15 चौरस मीटर गायब झाले. वेग अचूक मोजला तरी प्रवाहाचा आकडा 5 टक्क्यांनी कमी येणार.

तलावाचंही तसंच. पाणपसारा 1 चौरस किलोमीटर असेल आणि खोलीत सगळीकडे 10 सेंटिमीटरची चूक असेल, तर साठ्यात 1 लाख घनमीटरचा, म्हणजे 0.1 दलघमीचा फरक पडतो. भंडारा-गोंदियातल्या एखाद्या मालगुजारी तलावातून किती गाळ काढायचा, हे अशा मोजणीवर ठरत असेल तर पैसाही चुकीच्या ठिकाणी जातो आणि पाणीही हाती लागत नाही.

आधी त्याचं काम समजून घ्या

ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाचा एक ठोका सोडतो आणि तळावरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो. तळ 10 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 20 मीटरचा प्रवास, त्याला लागतात सेकंदाचे सुमारे 13 हजारांश भाग. या वेळेवरून यंत्र खोली काढतं.

आवाज शंकूच्या आकारात खाली पसरतो. शंकूचा कोन 20 अंश असेल तर 10 मीटर खोलीवर सुमारे साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ व्यापलं जातं. कोन 9 अंश असेल तर वर्तुळ दीड मीटरच्या आसपास येतं. मासे शोधायला रुंद शंकू चालतो. पात्राचा छेद काढायचा असेल तर अरुंद हवा. आणि शंकू जितका अरुंद, तितका ट्रान्सड्यूसर सरळ बसणं महत्त्वाचं. अरुंद शंकू 10 अंशांनी कलला तर 10 मीटरऐवजी 10.15 मीटर दिसतं. शिवाय तो आकडा बोटीखालच्या जागेचा नसून पावणेदोन मीटर बाजूच्या जागेचा असतो. सपाट तळावर हे खपून जाईल. काठाच्या उतारावर खपत नाही.

शत्रू एकच: हवा

जागा निवडण्याचे नियम पुष्कळ सांगितले जातात. त्यातले बहुतेक एकाच गोष्टीतून निघतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर आवाज जवळजवळ पूर्ण परत फिरतो. त्यामुळे ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून बुडबुड्यांचा पातळसा पदर वाहत असला तरी आवाजाच्या दृष्टीने ती भिंत झाली. बोट थांबलेली असताना तळ छान दिसतो आणि वेग घेतला की पडद्यावर नुसती खळबळ किंवा गोठलेला जुना आकडा राहतो. ही तक्रार घेऊन लोक यंत्र बदलायला जातात. बहुतेकदा यंत्र ठीक असतं, जागा बदलायची असते.

म्हणून प्रश्न असा विचारा: माझी बोट नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या वजनाने चालत असताना तळाच्या कोणत्या भागाखालून सलग, न फेसाळलेलं पाणी जातं?

बोटीखाली आडवं पडून पाहा

ड्रिल हातात घेण्याआधी बोट काठावर ओढा आणि तळ नीट पाहा. खडू जवळ ठेवा. तळावर पुढून मागे गेलेल्या उंच पट्ट्या, रिव्हेटांच्या ओळी, जोड, पाणी आत घेणारी वा बाहेर टाकणारी छिद्रं, वेग मोजणारं चाक, ठोकलेला पत्रा, असं जे जे तळाच्या बाहेर आलेलं असेल त्या प्रत्येकामागे पाणी फाटतं आणि बुडबुडे तयार होतात. त्या प्रत्येकाच्या थेट मागची पट्टी खडूने रंगवा. तिथे ट्रान्सड्यूसर नको.

नाळेजवळचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळचा भागही वगळा. बोट वेग घेते तेव्हा नाळ वर उचलली जाते आणि लाटेवर आपटताना खाली हवा दाबली जाते. पंख्याजवळचा भाग वगळा, कारण पंखा पाणी घुसळतो. उरलेल्या जागेत जो पट्टा तळाच्या मध्यरेषेच्या जवळ आहे आणि बोट कशीही असली तरी पाण्यातच राहतो, तो तुमचा.

मग बोट पाण्यात घाला, कुणाला तरी चालवायला सांगा आणि मागच्या फळीखालून निघणारं पाणी पाहा. कुठे ते काचेसारखं सपाट सुटतं, कुठे पांढरं होतं. खडूच्या खुणा आणि हा देखावा सहसा जुळतात. जुळले नाहीत तर पाण्यावर विश्वास ठेवा.

बसवण्याच्या चार रीती

*मागच्या फळीवर.* आउटबोर्ड इंजिन असलेल्या छोट्या बोटींसाठी ही सोपी रीत. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर ट्रान्सड्यूसर उजव्या बाजूला लावा. त्या बाजूला पंख्याची पाती खाली जातात आणि पाणी कमी ढवळतं. पंखा उलटा फिरत असेल तर डावी बाजू. पंख्यापासून किमान 38 सेंटिमीटर अंतर ठेवा. दोन इंजिनं असतील तर दोघांच्या मधे लावा. फायबरच्या बोटीत ट्रान्सड्यूसरचं तोंड तळाच्या काठापेक्षा सुमारे 3 मिलिमीटर खाली, अॅल्युमिनियमच्या बोटीत सुमारे 10 मिलिमीटर खाली असावं. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळं माप दिलं असेल तर ते पाळा. तोंड पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर हवं. मागची फळी तिरपी असते, म्हणून फळीकडे पाहून कोन ठरवू नका. बोट भार घेऊन तरंगत असताना पाण्याकडे पाहून ठरवा.

नदीसाठी एक गोष्ट आवर्जून घ्या: धक्का लागला की वर उचलला जाणारा ब्रॅकेट. पावसाळ्यात फांद्या वाहत येतात, हिवाळा सरला की वाळूचे उंचवटे वर येतात, आणि ट्रान्सड्यूसर हा बोटीचा सर्वात खालचा, सर्वात नाजूक भाग असतो.

*तळाला भोक पाडून.* मोठ्या, कायम पाण्यात राहणाऱ्या बोटींसाठी हीच रीत चांगली, कारण ट्रान्सड्यूसरचं तोंड थेट स्वच्छ पाण्यात येतं. पाणी कापत संथ जाणाऱ्या बोटीत जागा नाळेपासून जलरेषेच्या साधारण एक तृतीयांश मागे, मध्यरेषेपासून 15 ते 30 सेंटिमीटर बाजूला घ्यावी. वेगात पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या बोटीत ती बरीच मागे, मध्यरेषेजवळ, पहिल्या उंच पट्टीच्या आतल्या अंगाला घ्यावी, कारण वेगात तेवढाच भाग पाण्यात राहतो. इंजिन आत असेल तर पंखा आणि त्याच्या दांड्याच्या पुष्कळ पुढे. तळाला उतार असेल तर तो भरून काढणारा ठोकळा लावावा किंवा आतला भाग तिरका बसवलेला ट्रान्सड्यूसर घ्यावा, म्हणजे आवाज सरळ खाली जाईल.

धातू निवडताना बोट कशाची आहे ते पाहा. लाकडी बोटीला कांस्याचा ट्रान्सड्यूसर लावा. प्लास्टिकचा लावला तर लाकूड पाण्याने फुगतं आणि तो फुटू शकतो. अॅल्युमिनियम किंवा लोखंडाच्या बोटीला कांस्य थेट लावू नका. दोन धातू पाण्यात एकमेकांना भिडले की त्यातला एक झिजत जातो. समुद्राच्या पाण्यात तर फार लवकर. आणि हे भोक जाणत्या कारागिराकडूनच पाडून घ्या. तळाला पडलेलं चुकीचं भोक नुसतं मोजणी बिघडवत नाही, जिवावर बेतू शकतं.

*तळाच्या आतून.* भोक न पाडता ट्रान्सड्यूसर बोटीच्या आतून चिकटवतात आणि आवाज तळातून आरपार जातो. हे फक्त भरीव, एकसंध फायबरच्या तळात जमतं. लाकूड, अॅल्युमिनियम, लोखंड किंवा मधे फोम भरलेला फायबर असेल तर नाही. चिकटवण्याआधी पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी तळावर ठेवून त्यावर ट्रान्सड्यूसर दाबून पाहा. इथे पडद्यावर पाण्याचा तळ स्पष्ट दिसत नसेल तर चिकटवूनही दिसणार नाही. चिकटवताना एकही बुडबुडा अडकू देऊ नका. या रीतीत थोडा आवाज तळातच जिरतो, त्यामुळे फार खोल पाण्यात मर्यादा येते. शिवाय पाण्याचं तापमान यंत्राला खरं कळत नाही, कारण ते बोटीच्या तळाचं तापमान वाचत असतं.

*बाजूच्या खांबावर.* सर्वेक्षणासाठी मला हीच रीत पसंत आहे. आज या बोटीवर, उद्या त्या बोटीवर काम करावं लागतं आणि आपल्याकडच्या नद्यांत ठराविक बोट मिळेल याची खात्री नसते. डोंग्याला यंत्र लावण्याजोगी सपाट मागची फळी नसते. तिथे दोन्ही काठांवर आडवी मजबूत फळी बांधून तिला खांब आवळावा. रबरी बचाव बोटीत इंजिनासाठी जी कडक फळी असते तिचाच आधार घ्यावा. हवेच्या नळ्यांना कधीही छिद्र पाडू नये.

खांब बोटीच्या लांबीच्या मध्याजवळ लावा. नाळ आणि पिछाडी लाटेबरोबर वरखाली होतात, मधला भाग कमी हलतो. इंजिनापासून लांब ठेवा. ट्रान्सड्यूसर बोटीच्या तळाच्या पातळीइतका किंवा थोडा खाली उतरवा. खांब थरथरू नये म्हणून पुढून आणि मागून दोरीने ताणून बांधा. खांब थरथरला की त्याच्याभोवती बुडबुडे होतात आणि तोंडही कलतं.

जीपीएसचा अँटेना शक्यतो याच खांबाच्या डोक्यावर, ट्रान्सड्यूसरच्या बरोबर वर लावा. अँटेना ट्रान्सड्यूसरपासून दोन मीटर दूर असेल तर खोली एका ठिकाणची आणि नोंद दुसऱ्या ठिकाणची होते. बोट वळली की ही चूकही दिशा बदलते. काठाचा उतार दोनास एक असेल तर दोन मीटरच्या या फरकाने खोलीत एक मीटरची तफावत दिसेल. एकत्र लावणं शक्यच नसेल तर दोघांमधलं अंतर तिन्ही दिशांनी मोजून संगणकात भरा.

प्रवाह मोजायचा असेल तर

प्रवाह मोजण्यासाठी बोटीवर एडीसीपी वापरतात. हे यंत्रही सोनारच आहे. पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक कणांवरून परत आलेल्या आवाजाचा सूर किती बदलला, यावरून ते वेगवेगळ्या थरांचा वेग काढतं. त्याच्या जागेचे आणखी काही नियम आहेत.

पहिला, खोलीचा तोल. यंत्राच्या वरचं पाणी आणि तोंडाजवळचा थोडासा थर त्याला मोजता येत नाही. यंत्र 15 सेंटिमीटर बुडालेलं असेल आणि तोंडाजवळचे 25 सेंटिमीटर मोजता येत नसतील, तर वरच्या 40 सेंटिमीटरचा वेग अंदाजाने भरावा लागतो. म्हणून गरजेपेक्षा खोल बुडवू नका. पण इतकं वरही नको, की बोट डोलताच तोंड हवेत यावं. तळाकडेही असंच. उभ्या रेषेशी 20 अंश कललेल्या किरणांच्या यंत्रात तळालगतची सुमारे 6 टक्के खोली मोजणीबाहेर राहते. उथळ पाण्यात या दोन्ही कपाती मिळून मोठा वाटा खातात.

दुसरा, लोखंड. या यंत्रात होकायंत्र असतं. लोखंडी बोट, इंजिन, नांगराची साखळी यांपासून ते दूर ठेवा आणि बसवल्यावर त्याच जागी होकायंत्र जुळवून घ्या.

तिसरा, बोटीनेच ढवळलेलं पाणी. बोटीच्या अंगाला घासून आलेलं पाणी नदीचा खरा वेग सांगत नाही. यंत्र पुढच्या किंवा बाजूच्या अंगाला, अबाधित पाण्यात लावा आणि बोट शक्यतो पाण्याच्या वेगापेक्षा हळू न्या.

चौथा, वाळू. पुरात तळाची वाळू स्वतःच सरकत असते आणि यंत्र तळाला स्थिर मानतं. बोट एका जागी धरून ठेवा. यंत्र जर तुम्ही प्रवाहाच्या उलट जात आहात असं दाखवत असेल, तर तळ सरकतो आहे. तिथे वेग जीपीएसच्या आधाराने काढा.

मोठ्या पुरात मात्र बोट घालूच नका. पुलावरून दोरीने छोटा तराफा सोडता येतो, त्यावर यंत्र बसवलेलंच असतं. इथेही जागेचा प्रश्न सुटत नाही: तराफा पुलाच्या खालच्या अंगाला सोडतात आणि तिथे प्रत्येक खांबामागे पाणी भोवऱ्यासारखं फिरतं. त्या पट्ट्यात घेतलेल्या नोंदींवर वेगळी खूण करून ठेवा. काठावर असो वा बोटीत, लाइफ जॅकेटशिवाय कुणीही काम करू नये.

कायमचं बसवण्याआधी

निवडलेल्या जागी ट्रान्सड्यूसर आधी शिकंज्याने तात्पुरता आवळा. ठरलेली माणसं आणि सामान बोटीत घ्या, कारण भाराने बोट किती बुडते आणि कशी कलते हे बदलतं. मग बोट संथ, मध्यम आणि पूर्ण वेगाने चालवा, दोन्ही बाजूंना वळवा. तळाची रेघ सगळ्या वेगांना सलग राहिली तर जागा बरोबर. एका वेगाला तुटली तर तोंड थोडं खाली घ्या, मागचा कोन किंचित बदला, तरी तुटली तर जागा हलवा. इंजिन सुरू होताच पडद्यावर ठिपके येत असतील तर दोष बुडबुड्यांचा नसून विजेचा आहे. ट्रान्सड्यूसरची वायर इंजिनाच्या आणि रेडिओच्या वायरींपासून वेगळी न्या. वायर जास्त झाली म्हणून कापू नका, गुंडाळून ठेवा.

यानंतर खोली खरी आहे का ते तपासा. संथ पाण्यात, खुणा केलेल्या साखळीला सपाट पत्रा बांधून ट्रान्सड्यूसरच्या खाली 1, 2, 3 मीटरवर सोडा आणि यंत्र काय म्हणतं ते लिहा. उथळ पाण्यात एक चांगला बांबूही पुरतो. नदीवर आयुष्य काढलेला ढिवर मासेमार हाताच्या बांबूने तळ वाळूचा की चिखलाचा हेही सांगतो, त्याचं म्हणणं विचारून घ्या.

पाण्याचं तापमानही भरा. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,482 मीटर जातो, 30 अंशांना सुमारे 1,509. यंत्रात 1,500 ठेवून हिवाळ्यात मोजलं तर 10 मीटरवर 12 सेंटिमीटर जास्त दिसतील. समुद्राचं खारं पाणी वेगळं, त्याची निवड यंत्रात वेगळी करावी लागते.

देखभाल आणि नोंद

ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शेवाळ, शंख, तेलाचा थर बसला की तो हळूहळू बहिरा होतो. मऊ फडक्याने, साध्या साबणाने पुसा, खरवडू नका. समुद्रात राहणाऱ्या बोटीला शेवाळरोधक रंग लावायचाच तर पाण्यात कालवलेला, पातळ हाताने लावा. तीव्र द्रावकाचा रंग प्लास्टिक खातो.

शेवटचं काम वहीचं आहे. ट्रान्सड्यूसर कुठे बसवला, पाण्याखाली किती आहे, अँटेनापासून किती लांब, कोणत्या दिवशी साखळीने तपासला आणि काय फरक निघाला, हे प्रत्येक मोजणीच्या वर लिहा. बोटीत दोन माणसं वाढली तर बुडालेली खोली पुन्हा मोजा. पुढच्या वर्षी दुसरा कर्मचारी येईल, दुसरी बोट असेल, नदीने पात्र थोडं बदललेलं असेल. तुमचा आकडा आणि त्याचा आकडा यांत फरक दिसला, तर तो नदीचा आहे की ट्रान्सड्यूसरच्या जागेचा, हे त्याला त्या दोन ओळींवरूनच कळेल.